घर न चुकवणारी

वर्षाचे साडेअकरा महिने तिला कुणी विचारत नाही. देवळाच्या सभामंडपात कुठे ती आढ्याला दोरांनी टांगलेली असते, कुठे कोपऱ्यात जुन्या समया आणि फाटक्या सतरंज्यांच्या शेजारी उभी करून ठेवलेली. गाभाऱ्यातल्या देवाला रोज फूलपाणी मिळतं, हिच्या वाट्याला कोळिष्टकं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात गणपतीत किंवा मे महिन्यात जा. देऊळ दाखवायला आलेला माणूस खांब दाखवील, घंटा दाखवील, बाहेरची दीपमाळ दाखवील, पण तिच्याकडे बोट करणार नाही. आणि फाल्गुन लागला की त्याच लाकडी सांगाड्यापायी मुंबईत रजेचे अर्ज पडायला लागतात. कोकण रेल्वे होळीच्या जादा गाड्या जाहीर करते, त्यांचीही आरक्षणं बघता बघता भरतात. पुण्यातल्या कंपनीत काम करणारा मुलगा साहेबाला एवढंच सांगतो, "गावी पालखी आहे." साहेब घाटावरचा असेल तर त्याला आळंदी-देहू आठवते आणि तो म्हणतो, "अरे, पण आषाढाला अजून वेळ आहे."

तिची आणि त्या पालखीची गल्लत करू नये. आषाढातली पालखी संतांच्या पादुका घेऊन देवाकडे जाते. कोकणातल्या शिमग्याच्या पालखीत देव स्वतः बसतो आणि तुमच्या अंगणात येतो. गावातला एकही उंबरा ती वगळत नाही. तिचा सगळा स्वभाव या एका कामातून घडला आहे.

दिसायला ती बेताचीच. एक लाकडी चौकट, तिला कमी उंचीचा कठडा, वर कमान, आणि आरपार गेलेली लांब दांडी. नुसता सांगाडा पाहिला तर त्याला पालखी म्हणायला जीभ रेटत नाही. ती पालखी होते 'रूपं लागली' की. रूपं म्हणजे देवदेवतांचे मुखवटे, बहुतेक चांदीचे. एरवी ते पेटीत, कुलपात, मानकऱ्यांच्या ताब्यात असतात; हल्ली काही गावांनी बँकेचा लॉकर घेतला आहे. ठरल्या तिथीला गुरव आणि मानकरी ती पेटी उघडतात, रूपं उजळतात, कापडात नीट बसवून पालखीत बांधतात. मग भरजरी लुगडी, शाली, झेंडूच्या आणि अबोलीच्या माळा. एकाच पालखीत भैरी, जुगाई, नवलाई, पावणाई, वाघजाई, सोमजाई अशी मंडळी खांद्याला खांदा लावून बसतात. कुठे केदारलिंग असतो, कुठे काळकाई, कुठे चंडिका. पुराणात यांची नावं शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही. हे देव त्या त्या गावचे, शिवेच्या आतले, आणि त्यांच्या ओळखीही तेवढ्याच जवळच्या: अमकी तमक्याची बहीण, ही पलीकडच्या गावातून आलेली, हा राखणदार.

तिथीचंही गावागणिक निराळं. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला, शिमग्याचा आरंभ होतो. पुढे काही गावांचा शिमगा तेरसेचा, त्रयोदशीला होम लागणारा. काहींचा भद्रेचा, पौर्णिमेचा. एका गावात होम पेटतो त्या रात्री शेजारच्या गावात अजून होळीचं झाड तोडायचं असतं. का, असं विचारलं तर उत्तर एकच मिळतं, "आमच्याकडं असंच." त्यानंतर पालखी किती दिवस फिरणार हे गावाच्या वाड्यांवर अवलंबून. लहान गावात दोन-तीन दिवसांत आटपतं, मोठ्या गावात ती गुढीपाडव्याच्या आसपासपर्यंतसुद्धा बाहेर असते. या फिरण्याला कुठे भोवनी म्हणतात. मधल्या मुक्कामाला गावात ठरलेली सहाण असते, दगडामातीचा चौथरा. देऊळ हे देवाचं घर खरं, पण शिमग्यात त्याचा पत्ता बदलतो. तो सहाणेवर भेटतो.

होळीच्या रात्रीचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. आंबा, शेवर, पोफळ किंवा सुरमाड, गावाच्या रिवाजाप्रमाणे ठरलेलं झाड तोडून, शेपन्नास खांद्यांवरून ओरडत, फाका घालत होळीच्या मांडावर आणतात आणि उभं करतात. फाका म्हणजे काय हे सभ्य मासिकात लिहिता येत नाही. एवढं सांगतो की एरवी आजोबांसमोर मान वर न करणारी पोरं त्या रात्री आजोबांच्याच सुरात सूर मिसळून जे ओरडतात त्याला देवासमोर मुभा असते. मग होम पेटतो आणि पालखी त्याच्याभोवती फिरते. इथपर्यंत ती देवळाची असते.

त्यानंतर ती नाचते.

पालखी वाहून नेणं आणि पालखी नाचवणं यात फार अंतर आहे. पुढे एक, मागे एक, दोघेच गडी. ढोल आधी संथ असतो, ताशा त्याच्यावर हळूहळू चढतो. दोघे दांडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतात, मग मानेवर, मग डोक्यावर. गुडघ्यात वाकतात, जवळजवळ जमिनीला टेकतात, आणि दांडीला हात न लावता पुन्हा उभे राहतात. आतली रूपं हलतात पण पडत नाहीत, माळा मात्र तुटून गर्दीत उडतात. थकलेल्या गड्याच्या खांद्याखाली दुसरा खांदा कधी शिरला हे कळतही नाही. ज्याला नीट नाचवता येत नाही त्याला कुणी तोंडावर बोलत नाही. फक्त पुढच्या वळणावर त्याच्या हातात अब्दागिर किंवा निशाण दिलेलं दिसतं. वयाची सत्तरी ओलांडलेला एखादा म्हातारा बाजूला उभा राहून बराच वेळ बघतो, मग टोपी खिशात घालतो आणि पुढे होतो. घरची मंडळी नको नको म्हणत असतात. त्याला दोन फेऱ्या तरी मिळतात.

पालखीला ओढ असते अशी लोकांची खात्री आहे. ती कधी जड होते, कधी हलकी. कधी चालता चालता अडते आणि कुणाच्या तरी दारात मागे वळते. याची कसोटी लागते खूण काढताना. मोकळ्या शेतात कुणीतरी नारळ किंवा नाणं पुरून ठेवतो, वरची माती सारखी करतो, आणि पालखी फिरत फिरत नेमकी त्या जागी येऊन दांडी टेकते. चिपळूणजवळ गोवळकोटच्या करंजेश्वरीच्या शिमग्यात याला शेरणे काढणं म्हणतात आणि ते पाहायला मैदानाच्या कडेने माणसांची भिंत उभी राहते. नवस फेडणाऱ्यांनी आपापले नारळ पुरलेले असतात. पालखी एकावर येऊन थांबली की तिथे उकरतात, नारळ निघतो, ढोल चढतो, पालखी पुढच्याच्या शोधात निघते.

एका गावात पालखी नाचवून घामाघूम झालेल्या गड्याला मी विचारलं, ही नेते कशी? तो म्हणाला, "पुडचा म्हनतो मागच्यानं ढकललं. मागचा म्हनतो पुडच्यानं वडलं. आता तुमीच सांगा, वडलं कोनी?" यापेक्षा नेमकं वर्णन मला करता येणार नाही. दोन माणसांच्या खांद्यांवर एकच दांडी असली की एकाची बारीकशी हालचालही दुसऱ्याला बाहेरून आलेला धक्का वाटते, तो तिला साथ देतो, ती मोठी होऊन पहिल्याकडे परत येते, आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतो. शिवाय ज्याने नारळ पुरला तो त्याच गर्दीत उभा असतो आणि त्याची नजर, त्याच्या भावाचा श्वास, शेजाऱ्याची कुजबूज हे सगळं ढोलाच्या तालात मिसळलेलं असतं. मला हे स्पष्टीकरण पुरतं. त्या गड्याला ते पुरणार नाही, आणि त्याच्या खांद्यावर उमटलेला लाल वळ माझ्या खांद्यावर नाही, म्हणून मी ते त्याला ऐकवलं नाही.

तिचं खरं रूप कळतं ते घरात. सासरी मान पावलेली, माहेरी आली की प्रत्येक भावाच्या दारात जाऊन कुणाचं कसं चाललंय ते डोळ्यांनी पाहणारी, पण पाट मांडायला उशीर झाला तर फुगून बसणारी एखादी आत्या असते, तिच्या जातीची ही. ती येणार म्हणून अंगण सारवलं जातं, आता पेव्हर ब्लॉक असले तरी त्यावर शेणाचा हात फिरतो. रांगोळी, पाट, त्यावर नवं कापड. ढोल दोन घरं अलीकडे ऐकू आला की घरातल्या बायकांची धांदल उडते. दारात आलेल्या भोयांच्या पायांवर पाणी घालतात, निरांजनाने ओवाळतात, मग पालखी आत येऊन पाटावर टेकते आणि देवीची ओटी भरली जाते: खण, नारळ, तांदूळ, वर दक्षिणा. चौघांच्या नजरेसमोर ज्या गोष्टी कुणी बोलत नाही त्या गाऱ्हाण्यात बोलल्या जातात. गुरव किंवा गावकर खड्या आवाजात देवाला सांगतो, ह्या लेकराचं लग्न दोन वर्षं जमत नाही, ह्याची कोर्टातली तारीख आहे, ह्या घरातल्या नव्या सुनेची कूस उजव, ह्याला परदेशात कामाला जायचंय त्याचा कागद होऊ दे. प्रत्येक मागणीनंतर जमलेली सगळी माणसं मोठ्याने हुंकार भरतात. ज्याच्याशी बांधावरून वर्षभर बोलणं नाही त्याच्या मुलाच्या नोकरीसाठीही हुंकार भरावाच लागतो. मोजून पाच-सात मिनिटांचं काम. गूळपाणी किंवा सरबत होतं, पोरांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा पडतो, ढोल वाजतो, ती पुढच्या घरी.

सुतक असलेल्या घरात तेवढी ती जात नाही. ते घर त्या दिवशी दारातून बघत राहतं.

बंद घराचं मात्र तिला वावडं नाही. कोकणात बंद घरं भरपूर. माणसं गिरणगावात गेली, गिरण्या मिटल्यावर डोंबिवली-विरार-दिव्याला गेली, आणि घराच्या ओसरीवर कुलूप राहिलं. पालखी अशा दारातही थांबते. शेजारीण आपल्या घरचा नारळ आणून त्या घराच्या नावाने ओटी भरते, आणि आता मोबाइलचा कॅमेरा चालू करून विरारच्या खोलीतल्या सासूबाईंना ती दाखवतेही. सासूबाई तिकडून पदर डोक्यावर घेतात. सरकारकडे गावाची मतदारयादी असते, ग्रामपंचायतीकडे घरपट्टीचं रजिस्टर; पण कोण आलं, कोण आलं नाही, कुणाचं छप्पर बसलं, कुणाच्या घरात पोर झालं याची खरी हजेरी ही घेते. तिची वाटही ठरलेली आहे आणि ती जुनी आहे. ज्या पायवाटेवर आता कुणाचा तरी बंगला उभा आहे तिथून ती एके काळी जात असेल, तर बंगलेवाल्याने फाटक उघडून ठेवायचं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चालू आहे, पण एखाद्या गावाची पालखी त्याच्या आडवी आली की काही मिनिटं ट्रक थांबतात आणि चालक उतरून हात जोडतात.

मानाच्या बाबतीत ती फार कडक. पहिलं घर कुणाचं, दांडीला पहिला खांदा कुणाचा, निशाण कुणाचं, होमाला अग्नी कुणाचा, हे सगळं ठरलेलं. इथे तिचं कौतुक थांबवून एक गोष्ट सांगायला हवी. या जिल्ह्यात खोती होती आणि कुळांच्या पाठीवर होती. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. सातबाऱ्यावरून खोत गेला, पण कित्येक गावांत पालखी अजून पहिल्यांदा त्याच्याच घरी जाते. पालखीला कुणी हात लावायचा आणि कुणी लांबून पाया पडायचं हा प्रश्नही तिच्याबरोबर चालत आला आहे. ज्या रत्नागिरी शहरात 1931 साली भागोजी कीरांच्या पैशांतून आणि सावरकरांच्या खटपटीतून पतितपावन मंदिर सर्वांना उघडं झालं, त्याच्या आसपासच्या गावांतही हा प्रश्न एका दमात सुटला नाही. काही गावांनी बैठका घेऊन तो सोडवला, मान वाटून घेतले, पाळ्या लावल्या. काही गावांत मुसलमान घराण्यालाही शिमग्यात मान आहे आणि तो बिनबोभाट पाळला जातो. आणि काही गावांत दोन गटांचं भांडण तहसीलदाराच्या दालनापर्यंत जातं, बंदी हुकूम लागतो आणि पालखी देवळातच कुलूपबंद राहते. देव गावाला भेटू शकत नाही, कारण त्याला आधी कुणी उचलायचं हे ठरत नाही. याचा दोष मी तिला देत नाही, पण तिला निरागसही म्हणवत नाही. ती गावाचा आरसा आहे वगैरे म्हणायची सोय आहे; मला वाटतं ती गावातल्या जुन्या माणसांसारखीच आहे, जे त्यांना शिकवलं गेलं ते ती सोडायला वेळ लावते.

तिला घराबाहेर पडू नको असं शासनाने सांगितलं ते करोनाच्या काळात. 2021 च्या शिमग्यात गर्दीवर निर्बंध होते, घरोघर फिरण्याऐवजी देवळातच दर्शनाची सोय करा अशा सूचना होत्या. लोकांनी सॅनिटायझरच्या बाटल्या ओट्यावर ठेवल्या, आपापल्या परीने वर्ष काढलं. पुढच्या वर्षी ढोलांची कातडी नवी चढली.

रत्नागिरी शहरात तिचा थाट निराळा. बारा वाड्यांचं ग्रामदैवत श्री देव भैरी. आसपासच्या गावांना कौलारू घरं आणि पाणंदी आहेत. भैरीबुवाच्या पालखीला नाके आहेत, दुकानं आहेत, विजेच्या तारा आहेत आणि अरुंद आळ्यांत लावलेल्या दुचाक्या आहेत. तिला पोलिसांची मानवंदना मिळते. गणवेशातली तुकडी सलामी देते आणि शेजारीच उघड्या अंगाने गुलालात माखलेला, घसा बसलेला तरुण ढोल बडवत असतो. पालखी झाडगावच्या सहाणेवर बसते तेव्हा शहरातली अशी माणसं तिथे रांगेत दिसतात जी एरवी एकमेकांना फक्त बँकेत किंवा दवाखान्यात भेटतात. शहर तिला बदलायला बघतं, डीजे आणायला बघतं. आतापर्यंत तरी ढोल-ताशाचं पारडं जड आहे. पुढचं सांगता येत नाही.

बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने तिला बघायला यावं का? जरूर यावं. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर मार्चमध्ये पुष्कळ लोक असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना चार कोसांवरच्या गावात काय चाललंय याचा पत्ता नसतो. हिमाचलात कुल्लूच्या दसऱ्याला शेकडो देव खांद्यांवरून येतात, पण ते सगळे ढालपूरच्या एका मैदानात जमतात. प्रवाशाला मैदान गाठलं की झालं. जपानातही खांद्यावरचे देव मिरवणुकीत असेच हिंदकळत नाचवले जातात आणि त्यांचा मार्ग नकाशावर छापलेला मिळतो. इथे नकाशा नाही, तिकीट नाही, बसायला मंडप नाही. पालखी आज कुठल्या वाडीत आहे हे गावाच्या व्हॉट्सअॅप समूहावर असतं, पण ती किती वाजता पोचेल ते खुद्द मानकरीही सांगू शकत नाहीत, कारण आधीच्या घरी गाऱ्हाणं लांबलेलं असतं. रिक्षावाल्याला विचारावं, चहाच्या टपरीवर विचारावं, ढोलाच्या आवाजाच्या दिशेने चालत सुटावं. पायात सहज काढता येईल अशी चप्पल असावी. कुणाच्या घरात शिरण्याआधी विचारावं. नाही कुणी म्हणत नाही, उलट पाटावर बसवतात आणि कुठून आलात हे तीन पिढ्यांपर्यंत विचारतात. गाऱ्हाणं चालू असताना तेवढा मोबाइल खिशात ठेवावा, कारण तिथे दुसऱ्याच्या घरची दुखणी उघडी होत असतात. आणि रात्री सहाणेवर नमन-खेळे असले तर जागावं. मृदंगावर नमन होतं, गण होतो, गौळण होते, काळा पायघोळ आणि लांब टोपी घातलेला संकासुर पोरांच्या मागे लागतो आणि वग पहाटेपर्यंत चालतो. पालखी तिथेच बाजूला बसलेली असते, तिच्याच समोर हे सगळं चालतं. एखाद्या पाहुण्याला आग्रह होतोच, "खांदा लावा की." लावावा. दांडी अपेक्षेपेक्षा जड लागते आणि खाली वाकताना पाठीला चांगलंच समजतं.

शेवटच्या दिवशी ती देवळात परतते. शिंपणं होतं, लाल रंगाचं पाणी अंगावर उडतं, शिमगा आटोपला असं जाहीर होतं. मुंबईची माणसं त्याच रात्रीच्या गाडीने निघतात, कारण दुसऱ्या दिवशी हजेरी लागायची असते. मागे राहिलेले चार मानकरी आणि गुरव सभामंडपात बसतात. रूपं एकेक करून सोडवली जातात, पुसली जातात, मोजली जातात आणि पेटीत जातात; पेटीच्या किल्ल्या दोघांकडे वेगवेगळ्या. मग लुगडी घड्या करून ठेवायची, नारळांचा हिशेब, दक्षिणेचा हिशेब, ढोलवाल्यांची बिदागी. ज्या गावात उरलेले नारळ लिलावात काढतात तिथे पहिली बोली कुणाची यावरूनही दोन शब्द होतात. कुणीतरी म्हणतं, यंदा दांडीला तडा गेलाय, पुढच्या वर्षी नवी करायला हवी. दुसरा म्हणतो, खर्च मुंबई मंडळाने उचलावा. तिसरा म्हणतो, मुंबईवाल्यांनी मागच्या वर्षी छत्र दिलं, आता गावाची पाळी. हा वाद गुढीपाडव्यापर्यंत पुरतो.